डांबर संपते तिथून पुढे

महाराष्ट्रात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा 2014 च्या जानेवारीत सुरू झाली. एकूण 937 गाड्या, त्यांपैकी 233 अतिदक्षतेच्या सोयींनी सज्ज, आणि प्रत्येक गाडीत चालकासोबत एक डॉक्टर अशी तिची आखणी होती. त्याआधी आमच्या घाटपायथ्याच्या तालुक्यात अपघातातला माणूस जीपमध्ये, टेम्पोत, प्रसंगी ट्रकच्या हौद्यात घालून नेला जाई, आणि पोलिसांच्या चौकशीच्या धास्तीने पुष्कळदा तेवढेही होत नसे. त्यामुळे या सेवेने काय दिले ते मी जवळून पाहिले आहे, आणि पुढे जे लिहिणार आहे ती तिच्याविषयीची तक्रार समजू नये. मला लिहायचे आहे ते एका अंतराविषयी. रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावर येऊन उभी राहते, आणि माणूस दरीत, ओढ्यात, कड्याखाली किंवा डोंगरावरच्या एखाद्या वाडीत असतो. या दोहोंमधले अंतर कधी दोनशे फुटांचे असते, तर कधी दीड तासाच्या निसरड्या चढणीचे. ते अंतर आमच्या भागात वर्षानुवर्षे ज्यांनी तोडले, त्यांतल्या बहुतेकांना त्यासाठी कोणी नेमलेले नव्हते आणि कोणी पगारही दिलेला नव्हता.

गेली बरीच वर्षे मी रायगड जिल्ह्यातल्या अशा एका स्वयंसेवी पथकाबरोबर आहे. पथकात किराणा दुकानदार आहेत, वायरमन आहेत, कारखान्यात पाळीने जाणारे आहेत, सहा आसनी रिक्षा चालवणारे आहेत, शेतकरी आहेत आणि कॉलेजात शिकणारी मुले-मुली आहेत. गुडघ्याच्या दुखण्यामुळे मी दरीत उतरत नाही. मी वर, रस्त्याच्या कठड्याशी थांबतो. माझ्याकडे वही असते आणि तिच्यात कोण किती वाजता खाली गेला, कोणाच्या कमरेला कोणता दोर आहे, कोणी काय सोबत नेले आणि कोण परत आला याची नोंद मी ठेवतो. या जागेवरून काम अर्धेच दिसते हे मला ठाऊक आहे. पण जे खाली जाणाऱ्यांना दिसत नाही ते इथून दिसते, आणि त्यात रस्त्यावर वाट पाहणारे नातेवाईकही आले.

डोंगरातून माणूस खाली आणण्याची रीत गिर्यारोहण संस्थांच्या कितीतरी आधीपासूनची आहे. सह्याद्रीतल्या ठाकर, कातकरी आणि धनगर वाड्यांवर एक मजबूत बांबू, दोन टोकांना गाठ मारलेली चादर किंवा घोंगडी, आणि खांदा देणारे गडी, एवढ्यावर आजारी माणूस आणि अडलेली बाई खालच्या गावापर्यंत आणली जाते. ही झोळी इतिहासजमा झाली असे शहरात कोणाला वाटत असेल तर ते खरे नाही. 2022 च्या पावसाळ्यात पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात, रस्ता नसलेल्या एका पाड्यावरच्या मातेची जुळी बाळे जन्मानंतर दगावली आणि रक्तस्राव होत असलेल्या त्या मातेला झोळीतून न्यावे लागले, हे वर्तमानपत्रांनी छापले होते. त्या दिवशी झोळी वाहणाऱ्यांना कोणी बचाव पथक म्हटले नाही. माझ्या हिशेबी ते बचाव पथकच होते, आणि या राज्यातले सर्वांत जुने.

गिर्यारोहकांच्या संस्था या कामात हळूहळू ओढल्या गेल्या. किल्ले आणि सुळके चढायला म्हणून एकत्र आलेल्या मुलांकडे दोर होते आणि दोराचे ज्ञान होते. तेव्हा घाटात गाडी कोसळली की पोलीस ठाण्यातून त्यांनाच निरोप जाऊ लागला. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वरची महाबळेश्वर ट्रेकर्स ही नावे या कामाशी अशीच जोडली गेली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या पायथ्याशी असलेल्या खोपोलीत 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' या सरळ नावाचा एक गट आहे, आणि बोरघाटात अपघात झाला की त्यातली माणसे आपली कामे बाजूला ठेवून निघतात. पुढे राज्यभरातल्या अशा संस्थांमध्ये मेळ घालण्यासाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर उभे राहिले. डोंगरात कोणी अडकल्याचा फोन तिथे आला की घटनास्थळाला सर्वांत जवळचे पथक कोणते, त्यांच्याकडे काय साधने आहेत आणि दुसरे कोण पाठीशी जाऊ शकेल हे ठरवले जाते. ही व्यवस्थाही स्वयंसेवकच चालवतात.

कॉल आल्यावर पहिले काम असते ते शंकांचे. फोन करणारा घाबरलेला असतो, त्याला जागेचे नाव ठाऊक नसते, बॅटरी संपत आलेली असते. त्याला विचारायचे ते प्रश्न आमच्याकडे ठरलेले आहेत. माणूस बोलतो आहे का, हातपाय हलवतो आहे का, सोबत किती जण आहेत, आजूबाजूला काय दिसते आहे, पाण्याचा आवाज येतो आहे का. यातले शेवटचे दोन प्रश्न एखाद्याला बिनमहत्त्वाचे वाटतील, पण त्यांच्यावरूनच डोंगर माहीत असलेला माणूस जागा ओळखतो. मोबाइलवरून जागेचा पत्ता पाठवता येऊ लागल्यापासून हे सोपे झाले आहे. तरी दाट झाडीत आणि खोल घळीत रेंज मिळत नाही, आणि नकाशावरचा ठिपका माणूस कड्याच्या वर आहे की खाली, हे सांगत नाही.

उभ्या दरीतून माणूस वर कसा आणतात हे जवळून न पाहिलेल्या वाचकासाठी थोडे सविस्तर सांगतो. प्रथम वर, कठड्याच्या मागे, भक्कम झाड किंवा खडक पाहून दोराचे अँकर लावले जाते. एकाच आधारावर भरवसा ठेवला जात नाही, म्हणून दुसरे अँकर आणि दुसरा दोर असतोच. आधी एक जण हलक्या सामानासह उतरतो. जखमीजवळ पोचल्यावर तो त्याला उचलत नाही. श्वास पाहतो, रक्त थांबवतो, मानेला पट्टा बांधतो, अंगावर कोरडे काहीतरी पांघरतो, कारण पावसात तासन् तास पडून राहिलेला माणूस जखमेइतकाच गारठ्यानेही खचतो. मग स्ट्रेचर खाली जातो. जखमीला त्यावर घेताना चार माणसांनी एकाच आकड्यावर एकत्र उचलायचे असते, कारण कणा मोडला असेल तर चुकीच्या एका हिसक्याने आयुष्यभराचे अपंगत्व येते. वर ओढण्यासाठी पुल्या अशा रचतात की दोर तीन मीटर ओढला की स्ट्रेचर एक मीटर चढतो आणि त्या बदल्यात हाताला वजन तिसऱ्या हिश्शाच्या आसपास लागते. बाजूचा खडक स्ट्रेचरला लागू नये म्हणून दोघे जण त्याच्याबरोबर भिंतीवर पाय रोवून चढत राहतात. हे सगळे चालू असताना रस्त्यावरून कोणीतरी ओरडत असतो, 'लवकर करा, एवढा वेळ का लावता?' त्याच्यावर रागावण्यात अर्थ नसतो, कारण बहुतेक वेळा तो बापच असतो किंवा भाऊ. त्याला बाजूला बसवून खाली नेमके काय चालले आहे ते पायरीपायरीने सांगणे हे वर थांबणाऱ्याचे काम आहे, आणि मी ते पूर्ण मन लावून करतो. काय होते आहे हे कळले की माणूस थोडा सावरतो, असा माझा अनुभव आहे.

या कामातला सर्वांत अवघड निर्णय थांबण्याचा असतो. अंधार पडला आहे, वरून दगड सुटताहेत, पाऊस वाढतो आहे, आणि खाली असलेल्या माणसात जीव नाही हे कळलेले आहे, अशा वेळी काम सकाळपर्यंत थांबवावे लागते. नातेवाइकांना हे सांगणे कठीण असते. पण मेलेल्या माणसासाठी जिवंत माणूस घालवायचा नाही हा नियम ज्या पथकाने मोडला ते पथक फार दिवस टिकणार नाही, आणि मग पुढच्या जखमीसाठी कोणीच उरणार नाही. तरुण मुलांना हा नियम शिकवायला दोर शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यांचे रक्त सळसळत असते, आणि ते तसे असावे असेच मला वाटते, पण कठड्याशी उभ्या असलेल्या जाणत्याने 'आता नाही' म्हटले की दोर गुंडाळला गेलाच पाहिजे.

28 जुलै 2018 रोजी आंबेनळी घाटात जे झाले ते आमच्या जिल्ह्यातला कोणीही विसरणार नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातले 31 जण बसने महाबळेश्वरला निघाले होते. पोलादपूर सोडल्यावर घाटात बस शेकडो फूट खोल दरीत गेली. 30 जणांचा मृत्यू झाला. एक जण वाचला, तो स्वतः दरी चढून रस्त्यावर आला, आणि त्याने कळवल्यामुळे जगाला अपघाताची खबर लागली. पावसाळ्यातला धुक्याचा दिवस होता. महाबळेश्वर आणि पोलादपूर या दोन्ही बाजूंनी स्थानिक ट्रेकर आणि गावकरी दोर घेऊन पोचले, पुण्याहून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले, आणि झाडाझुडपांत विखुरलेले मृतदेह एकेक करून वर आणण्याचे काम दुसऱ्या दिवसापर्यंत चालले. खाली जिवंत कोणी नाही हे कळल्यानंतरही ही माणसे पुन्हा पुन्हा खाली गेली.

मृतदेहासाठी एवढे कष्ट का, असा प्रश्न मला शहरातल्या एका सुशिक्षित परिचिताने विचारला होता. उत्तर कठड्याशी उभे राहिले की मिळते. पंचनामा, शवविच्छेदन आणि मृत्यूचा दाखला यांशिवाय विमा मिळत नाही, नोकरीतले देणे मिळत नाही, हे व्यवहाराचे झाले. त्यापलीकडे, ज्या घरात अंत्यसंस्कार करायला देह मिळाला नाही त्या घरात माणूस गेला हे मनापासून कोणी मानत नाही. दारात गाडी थांबली की आई उठून पाहते. देह मिळाला म्हणजे निदान दहाव्याचा दिवस ठरतो, पाहुणे येतात, रडणे होते, आणि घर हळूहळू पुन्हा उभे राहते. म्हणून बॉडी वर घेण्याच्या कामाला आमच्या पथकात दुय्यम मानत नाहीत.

इरशाळवाडीने मात्र या अंतराचा अर्थ साऱ्या महाराष्ट्राला दाखवला. खालापूर तालुक्यात, इरशाळगडाच्या पायथ्याची ही ठाकरांची वाडी. 19 जुलै 2023 च्या रात्री तिच्यावर दरड आली. दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचे नाव नव्हते. चौकजवळच्या पायथ्याच्या गावातून वर जायला गाडीरस्ता नव्हता. पायवाटेने, चिखलातून, मुसळधार पावसात चढण चढायची, तीही अंधारात. आसपासचे ट्रेकर आणि गावकरी त्या रात्रीच निघाले. मदतीला निघालेल्या नवी मुंबईच्या अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा ती चढण चढतानाच हृदयविकाराने मृत्यू झाला. पुढचे दिवस जेसीबी पायथ्याशी उभे होते, खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकत नव्हती, आणि वर माणसे कुदळ, फावडे व घमेले घेऊन मातीचा प्रचंड ढीग हातांनी उपसत होती. जेवण, पाणी, औषधे, ताडपत्र्या, सगळे पाठीवरून वर गेले. 23 जुलैला शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह सापडले होते आणि 57 जण बेपत्ता होते. ती माती पुढे त्यांची दफनभूमीच ठरली. द्रुतगती मार्गावरून जाताना इरशाळगडाचे नेढे, म्हणजे सुळक्यातले आरपार भोक, आजही दिसते. इतक्या गजबजलेल्या रस्त्याच्या इतक्या जवळ, आणि तरीही कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेर, अशी ती वाडी होती.

माळीणची गोष्ट याआधीची, 30 जुलै 2014 ची. आंबेगाव तालुक्यातले ते गाव सकाळी डोंगराखाली गेले आणि ते बाहेर कळले ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी. चालकाला गाव जागेवर दिसले नाही म्हणून. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळियेत 80 हून अधिक माणसे गेली. त्या दिवशी महाड शहरच पुराच्या पाण्यात होते आणि रस्ते तुटलेले होते, त्यामुळे बाहेरची मदत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. पुण्याजवळ सुदुंबऱ्याला राष्ट्रीय दलाची बटालियन आहे. ती उत्तम प्रशिक्षित माणसे आहेत, त्यांच्याकडे जी साधने असतात ती आमच्याकडे कधी येणार नाहीत. पण त्यांनाही घाट उतरून यावे लागते आणि दरड आलेल्या दिवशी घाटही बंद असतो. पहिले काही तास, ज्यांत जिवंत माणूस मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते, ते शेजारच्या वाडीतल्या माणसांच्या हातात असतात. म्हणूनच दोर, स्ट्रेचर आणि प्रशिक्षण यांची पहिली गरज त्या शेजारच्या वाडीला आहे, असे मी प्रत्येक बैठकीत सांगत आलो आहे.

गुराखी आणि धनगर यांच्याविषयी इथे लिहिलेच पाहिजे. हरवलेल्या पर्यटकाचा शोध घेताना नकाशा, ड्रोन आणि मोबाइलचे टॉवर यांचा उपयोग होतो, पण शेवटी विचारावे लागते ते ज्याची गुरे त्या रानात चरतात त्यालाच. ओढा कुठे अचानक कड्यावरून पडतो, वाट चुकलेला माणूस कोणत्या घळीत ओढला जातो, पावसाळ्यात कोणत्या कातळावर पाय ठेवायचा नाही, हे त्याला माहीत असते. पथकाच्या पुढे चालणारा माणूस पुष्कळदा तोच असतो, पायात साध्या रबरी चपला घालून. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत पथकाचे नाव येते, पोलीस ठाण्याचे येते, त्याचे येत नाही. आमच्या वहीत मी ते नाव न चुकता लिहितो आणि इतर पथकांनीही तसे करावे अशी माझी विनंती आहे. त्या दिवसाची त्याची मजुरी बुडालेली असते, तिचे काय करायचे याचाही विचार व्हायला हवा.

पैशाचे बोलायचे तर दोर महाग असतो आणि तो कायमचा नसतो. चिखलातले बारीक कण त्याच्या विणीत शिरून आतले धागे कापतात. न वापरलेला दोरसुद्धा काही वर्षांनी बाद करावा लागतो. एका मोठ्या कॉलनंतर दोर, हातमोजे, बॅटऱ्या आणि पेट्रोल यांचा खर्च कोणीतरी खिशातून केलेला असतो. लोक कौतुक करतात, कार्यक्रमात शाल-श्रीफळ मिळते आणि मुलांना त्याचा मनापासून आनंद होतो. पण दरीत उतरणाऱ्या मुलाचा विमा उतरवलेला नसेल तर त्याच्या आईला मी काय सांगू? केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेत बारा दिवसांचे प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा या तिन्ही गोष्टी धरल्या आहेत, 350 जिल्ह्यांमध्ये एक लाख स्वयंसेवकांचे उद्दिष्ट होते, आणि ही दिशा अगदी बरोबर आहे. फक्त विमा ठरावीक काळापुरता न राहता स्वयंसेवक काम करतो आहे तोवर चालू राहिला पाहिजे.

कायद्याने एक ओझे मात्र खरोखर हलके केले. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निकालानंतर आणि मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 134 अ नंतर, अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी किंवा फौजदारी कारवाईला सामोरे जावे लागत नाही, आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. ही माहिती घाटातल्या प्रत्येक वडापावच्या टपरीवर लावलेली असावी, कारण अपघातस्थळी पहिला पोचणारा टपरीवालाच असतो आणि त्याच्या मनातली जुनी भीती अजून पूर्ण गेलेली नाही.

एका गोष्टीकडे मात्र आम्ही सगळ्यांनीच फार उशिरा पाहिले. विशी-बाविशीची मुले जे पाहून वर येतात ते घरी कोणाला सांगत नाहीत. लहान मुलाचा देह स्वतःच्या छातीशी बांधून वर आणलेला एक मुलगा नंतर कित्येक दिवस जेवायला बसला की उठून जाई. आता प्रत्येक मोठ्या कॉलनंतर दोन-तीन दिवसांत आम्ही एकत्र बसतो. कोणी तालुक्यातल्या डॉक्टरांना बोलावतो. ज्याला बोलायचे त्याने बोलावे, ज्याला नुसते बसायचे त्याने बसावे. खाली उतरणाऱ्या मुलींनी या बैठकांत बोलायला आधी सुरुवात केली आणि मग मुलगेही बोलू लागले.

यंदा पथकाने ठरवले आहे ते असे. तालुक्यातल्या ज्या वाड्यांना बारमाही रस्ता नाही त्या प्रत्येक वाडीच्या शाळेत किंवा समाजमंदिरात एक घडीचा स्ट्रेचर, एक दोर, मानेचे दोन पट्टे आणि प्रथमोपचाराची पेटी पावसाळ्यापूर्वी ठेवायची, आणि त्याची किल्ली दोन घरांकडे द्यायची. त्यासाठी गावोगावच्या ग्रामपंचायतींशी बोलणे चालू आहे. काहींनी निधीतून तरतूद करायचे मान्य केले आहे, बाकीच्यांकडे पुन्हा जायचे आहे. मे महिन्यातला सराव सर्वांत लांबच्या वाडीवर घेणार आहोत. त्या सरावात वाडीतल्या बायका असल्याच पाहिजेत असा माझा आग्रह आहे, कारण दिवसा पुरुष मजुरीला खाली गेलेले असतात आणि त्या वेळी कोणी पडले, कोणाला साप चावला किंवा कोणी अडली, तर स्ट्रेचरचे चारही कोपरे त्यांनाच धरावे लागतात.